‘पूर्णपणे रोगमुक्त’ असल्याचा दाखला आणायचा कुठून?

आदरणीय मॅडम,

मी मध्य मुंबईतील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. घर चिपळूणजवळच्या गावात असल्यामुळे महाविद्यालयाच्या वसतिगृहात चौघींच्या खोलीत राहत होते. नाताळच्या आधीपासून खोकला होता, वजन ४७ किलोवरून ४२ वर आले आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थुंकीच्या तपासणीत फुप्फुसाचा क्षयरोग निघाला. नेहमीच्या औषधांना दाद देणारा प्रकार आहे असे सांगून डॉक्टरांनी सहा महिन्यांचे उपचार सुरू केले. त्याच संध्याकाळी मला वसतिगृह सोडायला सांगितले. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर माझे नाव घालून ‘हिच्या संपर्कात आलेल्यांनी तपासणी करून घ्यावी’ असा संदेश आला. तेव्हापासून मी डोंबिवलीला मावशीकडे आहे. मार्चमध्ये दोन महिन्यांची औषधे झाली, थुंकीत जंतू सापडले नाहीत, खोकलाही गेला. पण ‘पूर्णपणे रोगमुक्त’ असा दाखला आणल्याशिवाय वर्गात बसता येणार नाही, नाहीतर यंदाचे वर्ष सोड, असे कार्यालयात तोंडी सांगतात. डॉक्टर म्हणतात, सहा महिने झाल्याशिवाय असा दाखला देता येत नाही. हजेरी पन्नास टक्क्यांच्या खाली गेली आहे आणि एप्रिलमध्ये परीक्षा आहे. मावशी माझे ताट वेगळे ठेवते, त्याच्या मागे नेलपॉलिशचा ठिपका लावलेला आहे. आणखी एक सांगायचे आहे. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने रक्तदान शिबिरात रक्त दिले होते. तिला रक्तपेढीतून बोलावणे आले आणि हेपॅटायटिस बी (यकृताचा विषाणूजन्य आजार) असल्याचे कळले. माझे काय झाले ते पाहून ती कोणालाच सांगायला तयार नाही. आम्ही दोघींनी काय करावे?

— एक विद्यार्थिनी

प्रिय विद्यार्थिनी,

तुझे डॉक्टर अडवणूक करत नाहीत, आणि कार्यालयातल्या माणसांना तुझे वाईट व्हावे असे वाटत असेल असेही मला वाटत नाही. तरीही तू दोघांच्या कात्रीत सापडली आहेस, कारण कार्यालय चुकीचा प्रश्न विचारते आहे आणि डॉक्टर त्या चुकीच्या प्रश्नाचे खरे उत्तर देत आहेत. क्षयरोगाच्या बाबतीत ‘रुग्ण बरा झाला’ हे शब्द फार मोजूनमापून वापरले जातात. त्यासाठी औषधांचा ठरलेला काळ पूर्ण व्हावा लागतो आणि शेवटच्या तपासणीतही थुंकी स्वच्छ यावी लागते. तुझ्या बाबतीत ती वेळ जुलैमध्ये येईल. त्याआधी तुला ‘रोगमुक्त’ म्हणून लिहून देणारा कोणी डॉक्टर भेटलाच, तर त्याच्याकडून दाखला घेऊ नकोस आणि औषधही घेऊ नकोस.

महाविद्यालयाला कळायला हव्यात अशा गोष्टी दोनच आहेत. आज तुझ्यापासून दुसऱ्या कोणाला लागण होण्याची शक्यता आहे का, आणि वर्गात बसण्याइतकी, प्रयोगशाळेत दोन-तीन तास उभे राहण्याइतकी ताकद तुझ्या अंगात आहे का. तुझ्या शरीरातला शेवटचा जंतू कधी मरणार, हा तुझा आणि तुझ्या डॉक्टरांचा विषय आहे. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना ‘रोगमुक्त’ हा शब्द घरी ठेवून जा आणि साधारण असा मजकूर लिहून मिळेल का, ते विचार: ‘सदर विद्यार्थिनीवर अमुक तारखेपासून नियमित उपचार चालू आहेत. दोन महिन्यांच्या उपचारांनंतर केलेल्या तपासणीनुसार सध्या तिच्यापासून इतरांना संसर्गाचा धोका नाही. वर्ग, प्रयोगशाळा व वसतिगृह येथे राहण्यास ती वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहे. उपचार अमुक महिन्यापर्यंत चालू राहतील.’ तुझी नोंद महापालिकेच्या ज्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात झाली असेल, तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही आणि शिक्का त्यावर असला तर उत्तम. एवढा कागद पुरेसा आहे. एक्स-रे, रक्ताचे अहवाल किंवा औषधांची यादी कार्यालयाला दाखवण्याचे कारण नाही आणि कोणी मागितली तरी देऊ नकोस.

हा दाखला देताना डॉक्टर कचरणार नाहीत, याचे कारण या रोगाच्या स्वभावात आहे. फुप्फुसाचा क्षयरोग हवेतून पसरतो. रुग्ण खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो, तेव्हा उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांमधून जंतू बंदिस्त हवेत रेंगाळतात आणि त्याच हवेत तासन् तास राहणाऱ्याच्या फुप्फुसात जातात. औषधांना दाद देणारा प्रकार असेल आणि गोळ्या नेमाने घेतल्या, तर साधारण दोन आठवड्यांत रुग्णाची संसर्ग पसरवण्याची क्षमता झपाट्याने उतरते. तू दोन महिने औषध घेतले आहेस आणि थुंकीची तपासणीही स्वच्छ आली आहे. औषधांना न जुमानणारा क्षयरोग असता तर हा हिशेब वेगळा झाला असता, उपचारही वेगळे झाले असते, आणि मुंबईत त्या प्रकारचे रुग्ण पुष्कळ असल्यामुळेच सुरुवातीला जंतूंची औषधांना दाद देण्याची तपासणी होते. तुझी ती झालेली आहे, हे अर्जात एका वाक्यात लिही. मानेतल्या गाठींचा किंवा मणक्याचा क्षयरोग झालेल्या मुलांना तर फुप्फुसात रोग नसेल तर इतरांना लागण करता येतच नाही, तरीही ‘टीबी’ एवढे अक्षर कागदावर दिसले की त्यांनाही घरी बसवले जाते, हे मी पाहिले आहे.

पाहिले आहे असे म्हणताना एक गोष्ट कबूल करायला हवी. मी महाविद्यालयात शिकवत असताना काही वर्षे मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक होते. आमच्याकडे आजारपणाचा एकच नियम होता आणि तो मुळात कांजिण्यांसाठी केलेला होता: मुलगी आजारी पडली की पालकांना बोलवायचे, घरी पाठवायचे, आणि बरी झाल्याचा दाखला घेऊन आली की पुन्हा खोलीत घ्यायचे. कांजिण्यांना, डोळे येण्याला, गालगुंडाला हा नियम चालतो, कारण ते आजार दोन-तीन आठवड्यांत आपली वाट धरतात. एका वर्षी क्षयरोग झालेल्या मुलीला मी हाच नियम लावला. तिचे वडील बिछान्याची वळकटी डोक्यावर घेऊन जिना उतरत होते आणि ती मागून बादली घेऊन चालली होती, हे मला अजून दिसते. ‘बरी झालीस की ये’ असे मी तिला सांगितले, आणि बरी व्हायला सहा महिने लागतात, तोवर परीक्षा होऊन जाते, हे माझ्या डोक्यातही आले नाही. ती परत आली नाही. मी तिला एक पोस्टकार्डसुद्धा पाठवले नाही.

बहुतेक महाविद्यालयांत आजही हेच चालते. त्यांच्या वहीत विद्यार्थी एक तर ‘आजारी’ असतो नाहीतर ‘बरा’. क्षयरोग, हेपॅटायटिस बी, एचआयव्ही या रोगांत माणूस महिनोन्महिने किंवा जन्मभर या दोन रकान्यांच्या मध्ये असतो: रोग अंगात आहे, औषध चालू आहे, आणि तरीही तो लोकलने प्रवास करतो, नोकरी करतो, परीक्षा देतो. अशा माणसासाठी वहीत रकाना नाही, म्हणून तुला ‘वर्ष सोड’ असे सांगितले जाते.

महाविद्यालयाच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. जानेवारीत तुला इतर मुलींपासून वेगळे ठेवणे आवश्यक होते. चार खाटा, एक खिडकी आणि डासांमुळे तीही बंद, अशा खोलीत उपचार सुरू न झालेला फुप्फुसाचा क्षयरोग ही खरी जोखीम असते, आणि अधीक्षकांनी त्याकडे काणाडोळा केला असता तर तेही चूकच ठरले असते. परंतु त्यासाठी दोन आठवडे एक स्वतंत्र, हवेशीर खोली, मास्क आणि खोलीवर डबा एवढी व्यवस्था पुरली असती. त्याऐवजी वसतिगृहातल्या मुलींना वाचवण्यासाठी, औषधाची जेमतेम पहिली मात्रा पोटात गेलेल्या, खोकणाऱ्या मुलीला संध्याकाळच्या गर्दीत डोंबिवलीच्या वाटेला लावण्यात आले. त्या वेळचा मध्य रेल्वेचा महिलांचा डबा मी डोळ्यांपुढे आणते, तेव्हा यात सार्वजनिक आरोग्याचा विचार नेमका कोणी केला, असा प्रश्न पडतो.

व्हॉट्सॲपवरच्या संदेशाचेही तसेच आहे. संपर्कातल्यांची तपासणी व्हायला हवी, हे त्यातले म्हणणे बरोबर होते. पण त्याची रीत ठरलेली आहे. आरोग्य कर्मचारी रुग्णाशी बोलतो, तिच्या खोलीत कोण राहते ते विचारतो आणि त्या तिघींना शांतपणे बोलावून तपासतो. त्यांच्यात रोगाची लक्षणे नसतील आणि तपासणीत सक्रिय क्षयरोग नाही हे नक्की झाले, तर रोग होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषधही देता येते. त्यातला एक प्रकार आठवड्यातून एकदा, असा बारा आठवडे घेण्याचा आहे. वर्गात तासभर तुझ्यापासून चार बाकांवर बसणाऱ्या मुलाचा आणि रात्रभर तुझ्या शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या मुलीचा धोका सारखा नसतो. गटावरच्या संदेशाने सगळ्या वर्गाला घाबरवले. तुझ्या खोलीतल्या तिघींची तपासणी झाली की नाही, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. झाली नसेल तर आजच तुझ्या दवाखान्यात ते सांग. तुझ्या आजाराची सरकारकडे नोंद करणे डॉक्टरांवर २०१२ पासून बंधनकारक आहे. ती नोंद आरोग्य यंत्रणेसाठी असते. वर्गाच्या गटासाठी अशी कुठलीही तरतूद नाही, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्येच सांगितलेले आहे.

आता कायद्याविषयी. तुझ्या मनात असेल की एखादे कलम दाखवले की महाविद्यालय गप्प बसेल. एचआयव्हीच्या बाबतीत तसे कलम आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एचआयव्ही असल्याच्या कारणावरून शैक्षणिक संस्थेत प्रवेश नाकारणे, काढून टाकणे, वेगळे बसवणे किंवा प्रवेशासाठी चाचणीची अट घालणे त्याने स्पष्टपणे बेकायदा ठरवले आहे. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या संस्थेने अशा तक्रारींसाठी अधिकारी नेमावा, असेही त्यात आहे. क्षयरोग आणि हेपॅटायटिस बी यांच्यासाठी मात्र असा स्वतंत्र कायदा नाही. ही उणीव मला खटकते, कारण आपल्या वर्गांतून एचआयव्हीपेक्षा क्षयरोगाचीच मुले अधिक दिसतात. पण तू निराधार आहेस असे नाही. याच शहरातल्या उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एका एचआयव्हीबाधित कामगाराच्या प्रकरणात जो विचार मांडला, तो तुझ्या उपयोगाचा आहे. त्याला केवळ एचआयव्हीमुळे कायम नोकरी नाकारली गेली होती. माणूस काम करण्यास समर्थ असेल आणि कामाच्या ठिकाणी त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर केवळ रोगाच्या नावावरून त्याला बाहेर ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. तो निकाल ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या नावाने ओळखला जातो, कारण त्या कामगाराची ओळख न्यायालयाने उघड होऊ दिली नाही. समर्थ आहे का आणि धोका आहे का, याच दोन प्रश्नांची उत्तरे मी तुला डॉक्टरांकडून लिहून घ्यायला सांगितली आहेत.

प्राचार्यांच्या नावाने अर्ज कर. अर्ज एका पानाचा असावा आणि त्यात रागाचा एकही शब्द नसावा, तो तुझ्या मनात असणारच. दाखला जोडला आहे, वर्गात व प्रात्यक्षिकांना बसू द्यावे, वसतिगृहातली जागा परत मिळावी, आजारपणामुळे कमी पडलेल्या हजेरीचा विचार व्हावा, आणि वर्गाच्या गटावरचा माझ्या आजाराविषयीचा संदेश काढून टाकावा, एवढ्या मागण्या त्यात येऊ देत. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत ७५ टक्के हजेरीची अट असते, परंतु आजारपणासारख्या खऱ्या कारणासाठी कमी हजेरीकडे सहानुभूतीने पाहण्यास प्राचार्यांना वाव असतो. तू आपण होऊन दांडी मारलेली नाहीस, महाविद्यालयाने तुला येऊ दिलेले नाही. म्हणून कार्यालयाने तुला परत पाठवले त्या तारखा अर्जात लिही. मार्चमध्ये थुंकीची तपासणी स्वच्छ आल्यानंतर बुडालेले तास आणि जानेवारी-फेब्रुवारीत आजारामुळे बुडालेले तास हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि पहिल्याची जबाबदारी तुझ्यावर टाकता येणार नाही. बुडालेली प्रात्यक्षिके भरून काढण्यासाठी विभागप्रमुखांना स्वतंत्रपणे भेट. माझा अनुभव असा की प्रयोगशाळेतला साहाय्यक आणि विभागप्रमुख अशा वेळी कार्यालयापेक्षा अधिक मोकळ्या मनाचे निघतात.

‘वर्ष सोड’ हा सल्ला असेल तर तो ऐकायला तू बांधलेली नाहीस, आणि आदेश असेल तर तो नियमाच्या उल्लेखासह लेखी द्यावा, अशी नम्रपणे विनंती कर. खिडकीपलीकडून ठामपणे सांगितलेले पुष्कळ नियम कागदावर मागितले की सापडत नाहीत. आठ-दहा दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार अशी समिती असणे आवश्यक आहे आणि तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत तिने आपला अहवाल द्यायचा असतो. तिथे समाधान झाले नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. परीक्षा एप्रिलमध्ये असल्यामुळे तुला एवढा वेळ नाही, हे मला दिसते आहे. म्हणून अर्जात परीक्षेची तारीख ठळकपणे लिही आणि निर्णय होईपर्यंत परीक्षेचा अर्ज भरून घ्यावा, अशी विनंती कर. शक्य झाले तर आई किंवा वडिलांपैकी एकाला एक दिवस गावाहून बोलावून प्राचार्यांना भेटायला ने. प्राचार्यांच्या केबिनमध्ये पालक समोर बसले की बोलण्याचा सूर बदलतो. हे योग्य नाही, पण तसे होते.

प्रकृतीविषयी थोडेच सांगते, कारण डॉक्टर ते सांगत असतीलच. खोकला गेला, वजन वाढू लागले, की गोळ्या नकोशा होतात, आणि नेमका हाच काळ धोक्याचा असतो. तुझ्या वजनाला रोज बहुधा तीन गोळ्या असतील. परीक्षेच्या दिवशी मळमळेल म्हणून त्या चुकवू नकोस, वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांना विचार. लघवी नारिंगी होते ती गोळीच्या रंगामुळे, तिची भीती नको. एक गोष्ट मात्र प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विद्यार्थिनीला मुद्दाम सांगावी अशी आहे: या औषधांपैकी एथॅम्ब्युटॉलमुळे क्वचित नजरेवर परिणाम होतो आणि लाल-हिरवा रंग ओळखण्यात गडबड होऊ शकते. अनुमापन (टायट्रेशन) करताना दर्शकाचा (इंडिकेटरचा) बदललेला रंग इतरांना दिसतो आणि तुला दिसत नाही असे झाले, तर हाताला दोष देत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना सांग. निक्षय पोषण योजनेतून उपचारांच्या काळात आहारासाठी दरमहा १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० होती. तुझ्या खात्याची नोंद दवाखान्यात झाली आहे का, ते पाहा. वसतिगृहाच्या भोजनालयात अंडी आणि दुधाचे वेगळे पैसे मोजावे लागतात, त्याला ते उपयोगी पडतील. काही अडले तर १८००-११-६६६६ हा क्षयरोगासाठीचा मोफत दूरध्वनी आहे.

आता तुझ्या मैत्रिणीविषयी. तिने कोणालाच सांगू नये असे मी म्हणणार नाही, पण महाविद्यालयाला सांगण्याची तिला गरज नाही, हे निश्चित. हेपॅटायटिस बी हवेतून पसरत नाही. एकत्र जेवल्याने, एकमेकींचा डबा खाल्ल्याने, एका बाकावर बसल्याने, गळ्यात पडल्याने तो लागत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. त्यामुळे तिला वर्गापासून किंवा वसतिगृहापासून दूर ठेवण्यासाठी कोणतेही वैद्यकीय कारण नाही. रक्तपेढीत प्रत्येक बाटलीची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी व सी, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी चाचणी होते, त्यातून हे निघाले. त्या एका चाचणीवर न थांबता तिने मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जाऊन पुढच्या तपासण्या करून घ्याव्यात. विषाणू सहा महिन्यांहून अधिक काळ रक्तात राहिला तर त्याला जुनाट संसर्ग म्हणतात. अशा अनेकांना लगेच औषध लागत नाही, ठरावीक काळाने यकृताची तपासणी मात्र करावी लागते. ज्यांना औषध लागते त्यांना ते हेपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळते. हा कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. तिच्या आईने आणि भावंडांनीही तपासणी करून घ्यावी, कारण अनेकदा हा संसर्ग जन्माच्या वेळचाच असतो आणि घरात कोणालाच त्याचा पत्ता नसतो. पुन्हा रक्तदान करायचे नाही, हे तिला रक्तपेढीने सांगितले असेलच.

खोलीतल्या मैत्रिणींना सांगायचे की नाही, यावर मी थोडी अडखळले. सांगण्याचे बंधन नाही, आणि तुझा अनुभव समोर असताना ती गप्प राहिली तर तिला दोष देता येणार नाही. परंतु वसतिगृहात नेलकटर, भुवया कोरायचे ब्लेड, घाईत उचललेला दात घासायचा ब्रश या वस्तू खोलीच्या मालकीच्या होऊन जातात, आणि धोका असलाच तर तो तिथे आहे. तिने आपल्या या वस्तू आजपासून वेगळ्या डब्यात ठेवाव्यात, त्यासाठी कारण सांगावे लागत नाही. आणि तुम्ही तिघींनी हेपॅटायटिस बीची लस घेतली आहे का, ते घरी विचारा. ही लस देशभरच्या लसीकरणात २०११ मध्ये आली. तुमच्या वयाच्या पुष्कळ मुलींना लहानपणी ती मिळालेलीच नाही. शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रा असतात. लस तुम्हा सगळ्याच मुलींना घ्यायला हवी, तिच्या मैत्रिणी असाल किंवा नसाल. त्यामुळे तिचे नाव कुठेही न घेता वसतिगृहात लसीकरणाचे शिबिर भरवा, अशी मागणी राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे करता येईल. रक्तदान शिबिर त्यांनीच भरवलेले असणार.

मावशीवर रागावू नकोस. आपल्याकडे ताटावाट्यांवर नावे कोरून घेण्याची पद्धत होती, वस्तू कोणी दिली ते लक्षात राहावे म्हणून. तुझ्या ताटावरचा नेलपॉलिशचा ठिपका ते कोणाचे आहे हे विसरू नये म्हणून आहे, आणि तो रोज जेवताना दिसतो, हे मी समजू शकते. क्षयरोग ताटातून पसरत नाही, हे तू सांगून तिला पटणार नाही, कारण तू घरातली पोर आहेस. पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाशील तेव्हा तिला बरोबर ने आणि तिथल्या ताईंना तिच्यासमोरच विचार, माझे ताट वेगळे ठेवायला हवे का म्हणून. इतके दिवस एका घरात राहिल्याने तिचीही तपासणी व्हायला हवी, ती त्याच फेरीत होऊन जाईल.

अर्जाच्या दोन प्रती काढ. एक कार्यालयात दे आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नकोस. ‘साहेब आले की देतो’ असे म्हणतील. तू तिथेच बाकावर बस. जेवणाच्या सुट्टीनंतर जाऊ नकोस, सकाळी अकराच्या आत पोहोच.